कागदावरचा काळा

आत्याचा फोटो मी एका पावसाळ्यात काढला होता. वाड्याच्या ओसरीवर खांबाला टेकून ती बसलेली, अंगावर काळ्या-निळ्या बारीक चौकड्यांचं इरकली लुगडं, मागे चुन्याची भिंत आणि केस त्या भिंतीहूनही पांढरे. कृष्णधवल केल्यावर पडद्यावर तो असा काही खुलला की मी मागचा-पुढचा विचार न करता प्रिंटरमध्ये ए-फोर मॅट कागद सारला आणि दिवाळीत प्रिंट तिच्या हातात दिली. तिनं चष्मा लावला, प्रिंट लांब धरली, जवळ आणली, पुन्हा लांब धरली. मग म्हणाली, "चेहरा झकास आलाय रे. पण मी चांगलं लुगडं नेसून बसले होते, तू नुसतं काळं बोचकं केलंस माझं."

पडद्यावर दिसत असलेल्या चौकड्या कागदावर शोधूनही सापडेनात. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत एकच एक काळा डाग. प्रिंटर ठणठणीत होता, शाई भरलेली होती. घोळ माझा होता. मी फोटो पडद्यावर पाहिला आणि तो कागदावर तसाच उतरेल असं धरून चाललो. हा घोळ टाळायचा तर छापण्याआधी कागदाचा अंदाज पडद्यावरच घ्यायचा असतो. त्याला सॉफ्ट प्रूफ म्हणतात.

आपल्याकडे छापखान्यात प्रूफाला मुद्रित म्हणत आलेत. लेखकाकडे मुद्रितं जायची, तो चुका काढायचा, मग छपाई. फोटोंच्या छपाईतही मुद्रितं असत आणि ती काढायला वेगळी यंत्रं असत. अमेरिकेतल्या आयरिस कंपनीचं ३०४७ हे इंकजेट यंत्र त्यातलंच. मोठ्या छपाईयंत्रावर काम चढवण्याआधी रंग कसे उतरतील ते बघायचं, इतकंच त्याचं काम. म्हणून त्याच्या शाईनं लवकर उडून जाण्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. 'क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश' या गायकमंडळींतल्या ग्रॅहम नॅशला फोटोंचा, त्यातही कृष्णधवल फोटोंचा, भारी नाद. त्यानं हे १,२६,००० डॉलरचं मुद्रित काढायचं यंत्र घेतलं आणि त्यावर थेट प्रदर्शनात लावायच्या प्रिंटा काढायला सुरुवात केली. १९९१ साली कॅलिफोर्नियात 'नॅश एडिशन्स' नावाचा त्याचा छापखाना सुरू झाला. आज आपल्या टेबलावर जो इंकटँक प्रिंटर घरघरतो, त्याच्या कुळात हा मुद्रितवाला पूर्वज आहे. मुद्रित काढणारं यंत्रच अंतिम प्रत काढू लागल्यावर मुद्रित तपासायचं कशावर, तर पडद्यावर.

आता काळ्याकडे येऊ, कारण कृष्णधवल छपाईतली निम्मी दुखणी तिथूनच उठतात. कागद किती काळा होऊ शकतो याला छपाईवाले डी-मॅक्स म्हणतात. ही घनता लॉगरिदमच्या मापात मोजतात. चांगल्या ग्लॉसी कागदावर ती २.३च्या आसपास जाते, म्हणजे पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम अर्धा टक्का परत येतो. मॅट कागदावर ती १.६च्या घरात अडकते आणि परत येणारा प्रकाश असतो अडीच टक्के. अर्धा आणि अडीच यात काय मोठासा फरक, असं वाटेल. पण कागदाचा पांढरा भाग ९० टक्के प्रकाश परतवतो असं धरलं, तर ग्लॉसीवर पांढरं हे काळ्याच्या १८० पट उजळ आणि मॅटवर फक्त ३६ पट. साध्या आयपीएस मॉनिटरवर हेच प्रमाण हजाराच्या घरात असतं. हजार पायऱ्यांचा जिना छत्तिसांत बसवायचा तर काही पायऱ्या एकमेकींत मुरणारच. आत्याच्या लुगड्याच्या चौकड्या नेमक्या तळाच्या पायऱ्यांवर होत्या.

शिवाय पडद्याला स्वतःचा दिवा आहे. कागदाला नाही, तो खोलीतला प्रकाश उसना घेतो. म्हणून "प्रिंट काळपट आली" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा प्रिंटरमध्ये नसून मॉनिटरच्या ब्राइटनेसमध्ये सापडतं. दुकानातून आलेला मॉनिटर भगभगीत लावलेला असतो. त्यावर फोटो डोळ्यांना सोसवेल इतका आपण गडद करतो आणि तोच गडदपणा कागदावर जाऊन बसतो.

हे जुळवायला महागडं यंत्र लागतं असा समज आहे. रंग मोजणारं कॅलिब्रेटर हाताशी असेल, मित्राकडून चार दिवस उसनं मिळत असेल, तर जरूर घ्या. त्यासोबत चालणारी डिस्प्लेकॅल आणि आर्गिल ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. पण नुसती उजळपणाची बरोबरी करायला तुमचा कॅमेरा पुरतो. त्यात प्रकाशमापक असतोच. आयएसओ १०० आणि छिद्र एफ ४ ठेवा. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, फोकस मुद्दाम बिघडवा, चौकट पांढऱ्यानं भरून टाका आणि मापकाचा काटा मधोमध येईल असा शटरवेग बघा. १/५० आला तर पडद्याचा उजळपणा साधारण १०० कँडेला प्रति चौरस मीटर. १/१०० आला तर २००, १/२५ आला तर ५०. माझा मॉनिटर खोक्यातून बाहेर आला तेव्हा १/१२५ दाखवत होता, म्हणजे २५०. घरच्या छपाईला ८० ते १२० ठीक.

आता तोच कॅमेरा, त्याच आकड्यांवर, टेबलावरच्या कोऱ्या कागदाकडे वळवा. माझ्या टेबलदिव्यात ९ वॅटचा एलईडी बल्ब आहे आणि तो कागदापासून दोनेक फुटांवर आला की शटर १/५०वर येतं. दिवा वर-खाली केला की आकडा हलतो. पडदा आणि कागद दोन्ही १/५०वर आले की तुमचं प्रूफिंगचं टेबल तयार. दिव्याची मान तिरपी ठेवायची, म्हणजे त्याची तिरीप कागदावरून थेट डोळ्यांत येत नाही. आणि उन्हाळा कितीही असो, पांढरा बनियन घालून पडद्यासमोर बसू नये. त्याचं प्रतिबिंब काळ्या भागावर पडतं आणि काळा राखाडी दिसतो. रंगाचं काम करणारी माणसं गडद, बिनरंगाचे कपडे घालतात ती उगाच नाही.

बल्बच्या बाबतीत मात्र आपल्या घरांत एक योगायोग साधून आलाय. सर्रास विकला जाणारा 'कूल डेलाइट' बल्ब ६५०० केल्विनचा असतो आणि मॉनिटरचा पांढराही सहसा ६५०० केल्विनलाच बांधलेला असतो. त्यामुळे दोन्हीकडचा पांढरा बराच जवळ येतो. जमलं तर खोक्यावर सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेला बल्ब घ्यावा. सगळ्या खरेदीत हा एक खर्च मी आग्रहानं सांगतो.

इथपर्यंत मांडामांड झाली. आता खुद्द प्रूफ. राजमार्ग असा की प्रिंटर, शाई आणि कागद या त्रिकुटाची आयसीसी प्रोफाइल मिळवायची. ती एक छोटीशी फाइल असते. अमुक आकडा पाठवला तर कागदावर प्रत्यक्षात काय उमटतं, याचा तो तक्ता. नावाजलेले कागदवाले आपल्या कागदांच्या प्रोफाइल फुकट देतात, पण त्या वरच्या किमतीच्या प्रिंटरांसाठी आणि मूळ शाईसाठी. तिघांतला एक बदलला, समजा बाटलीत दुसऱ्याच कंपनीची शाई ओतली, की तो तक्ता दुसऱ्याच्या चष्म्यासारखा. प्रोफाइल असेल तर लाइटरूमच्या डेव्हलप विभागात एस दाबा, फोटोशॉपमध्ये कंट्रोल-वाय. पैसे घालायचे नसतील तर गिम्प, डार्कटेबल आणि रॉथेरपी या तिन्ही फुकट सॉफ्टवेअरांत ही सोय आहे. 'ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन' चालू ठेवा. त्यानं फाइलीतला गडद काळा कागदाच्या काळ्याशी नेऊन बांधला जातो आणि मधल्या छटा त्या मानानं सरकतात. ते बंद असेल तर कागदाच्या आवाक्याखालच्या सगळ्या छटांचा एकच गोळा होतो.

मग 'सिम्युलेट पेपर'ची खूण करा. पण करताना पडद्याकडे बघू नका. हे सांगितल्यावर लोक हसतात, पण खरंच मान वळवा, खूण करा, चार-पाच सेकंदांनी परत बघा. बघत बघत खूण केलीत तर डोळ्यांदेखत फोटोचा जीव जातो. काळं राखाडी होतं, पांढरं मळतं आणि आपण घाबरून खूण काढून टाकतो. डोळा आधीच्या लख्ख पांढऱ्याला सरावलेला असतो, म्हणून असं होतं. फोटोभोवती कागदाच्या पांढऱ्याची रुंद चौकट ठेवली आणि पडद्यावरच्या बाकीच्या खिडक्या झाकल्या की डोळा त्या चौकटीला पांढरं मानायला लागतो आणि फोटो पुन्हा सावरतो.

हे सगळं खरं, पण माझ्याकडचा कागद होता स्टेशनरीच्या दुकानातल्या पाकिटातला. त्यावर जीएसएमचा आकडा आणि एका हसऱ्या बाळाचं चित्र, यापलीकडे काहीही नव्हतं. प्रोफाइल कुठली यायला! हौशी माणसांपैकी बहुतेकांची गाडी इथेच अडते. अशा वेळी मी करतो तो उपाय गावठी आहे, पण कृष्णधवलला पुरून उरतो. रंगीत फोटोत हजारो रंगांचा हिशोब असतो. इथे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकच रेघ आहे आणि तेवढी एक रेघ आपण डोळ्यांनी मोजू शकतो.

आधी २१ चौकोनांची पट्टी करायची. पहिला पांढरा, शेवटचा पूर्ण काळा, मधले पाच-पाच टक्क्यांनी गडद होत जाणारे. २५५च्या मोजणीत (शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) ही एकेक पायरी सुमारे १३ची. पट्टी ज्या कागदावर फोटो छापायचाय त्याच कागदावर छापायची आणि प्रिंटरच्या खिडकीतले पर्याय वहीत टिपून ठेवायचे. कागदाचा कुठला प्रकार निवडला, दर्जा कुठला, फोटो आपोआप 'सुधारणारा' पर्याय बंद केला की नाही. तो बंदच हवा, नाहीतर प्रत्येक फोटोला प्रिंटर आपलं डोकं लावणार आणि मोजमाप पाण्यात जाणार. छापलेली पट्टी एक दिवस वाळू द्या. शाई बसेपर्यंत छटा थोड्या सरकतात. जुन्या अंधारखोलीवाल्यांनाही ओल्या ब्रोमाइडवर विश्वास ठेवू नये हे ठाऊक होतं. वाळल्यावर ती हटकून गडद व्हायची.

वाळलेली पट्टी दिव्याखाली, पडद्याच्या शेजारी ठेवा. पडद्यावर तीच पट्टी, भोवती पांढरी चौकट, आणि वर एक कर्व्ह्‌ज लेयर. आता कर्व्हचं खालचं टोक हळूहळू वर उचलायचं. पडद्यावरचा काळा कागदावरच्या काळ्याइतका फिका झाला की थांबायचं. वरचं टोक किंचित खाली, कागदाच्या पांढऱ्याला जुळेल इतकंच. मग मधले चौकोन. माझ्या मॅटवर ५० टक्क्यांचा चौकोन पडद्यावरच्या ६० टक्क्यांच्या चौकोनाइतका गडद उमटत होता, म्हणून कर्व्ह मधोमध खाली दाबावा लागला. आणि तळाशी जे दिसलं त्यात आत्याच्या लुगड्याचा पंचनामाच होता. ९५ आणि १०० टक्क्यांचे चौकोन कागदावर एकच झाले होते, ९०चा डोळे बारीक केल्यावर जेमतेम वेगळा वाटत होता. कागदाच्या राखाडीत हिरवट किंवा जांभळट झाक असेल, तर तीही वरून एका कलर बॅलन्स लेयरनं पडद्यावर आणायची. हे लेयर 'मॅट प्रूफ' अशा नावानं जपून ठेवा. कुठलाही फोटो उघडा, हे वर ठेवा. कागद कसा दिसेल याची बरीच खरी कल्पना येते. दुरुस्त्या सगळ्या त्याच्या खालच्या लेयरवर करायच्या. छापताना प्रूफचे लेयर बंद करायला विसरायचं नाही. मी दोनदा विसरलोय. फोटो धुक्यात काढल्यासारखा येतो.

या लेयरखाली आत्याचा फोटो पुन्हा उघडला तेव्हा पडद्यावरही ते बोचकं दिसलं. आकडे बघितले. लुगड्यातला काळा धागा ११वर होता आणि निळा, जो कृष्णधवलमध्ये गडद राखाडी झाला होता, तो २१वर. ११ म्हणजे ९५ टक्क्यांच्या चौकोनाच्याही खालचा, कागदावर पूर्ण बुडालेला. २१ म्हणजे ९० आणि ९५च्या मधला, तोही बुडाल्यात जमा. फक्त लुगड्यापुरता मास्क करून दोघांना उचललं, काळा धागा २८वर, निळा ४८वर. पडद्यावर मूळ फाइल आता फिकट, जरा बेगडी दिसत होती. प्रूफ लेयर लावलं की मात्र कापड कापडासारखं. हा विरोधाभास अंगवळणी पडायला वेळ लागतो. कागदासाठी तयार केलेली फाइल मोबाइलवर पाठवायची नसते. तिची वेगळी प्रत ठेवावी.

केसांचं उलट. ते २५२-२५३वर होते आणि तिथे प्रिंटर शाईचा थेंबही टाकत नाही, नुसता कोरा कागद राहतो. भिंतही तशीच असती तर डोकं भिंतीत विरघळलं असतं. केस २४५पर्यंत उतरवले, भिंत त्याहून थोडी खाली.

तरीही सबंध कागद लगेच खर्ची घालू नये. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण छपाईला तंतोतंत लागू पडते. फोटोतला सगळ्यात अडचणीचा तुकडा कापून, इथे गुडघ्यावरच्या घड्या आणि कपाळाजवळचे केस, ते दोन तुकडे एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर छापायचे. ए-फोरच्या एका पानात असे चार प्रयोग होतात. अंधारखोलीत एन्लार्जरखाली कागदाची पट्टी ठेवून, पुठ्ठा सरकवत पाच-पाच सेकंदांनी एक्स्पोजर वाढवत नेत, ती पद्धत हीच. तिथे पट्टीवाचून गत्यंतर नव्हतं. इथे सॉफ्ट प्रूफमुळे दहा पट्ट्यांचं काम दोनांत होतं, इतकी बचत मी कबूल करतो. एकाही पट्टीशिवाय भागेल असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

कारण पडद्याला काही गोष्टी दाखवताच येत नाहीत. ग्लॉसी कागद तिरपा धरला की काही शायांच्या गडद भागावर तांबूस-पितळी चकाकी दिसते, ती पडद्यावर कुठून दिसणार? दुसरं दुखणं जास्त छळवादी आहे. काळी शाई पिगमेंट आणि बाकीच्या शाया डाय, अशी जोडी ज्या स्वस्त प्रिंटरांत असते, त्यांत ग्लॉसी कागद निवडला की काळी बाटली बहुधा बाजूला राहते आणि निळा, किरमिजी, पिवळा मिसळून राखाडी बनवला जातो. असा राखाडी खिडकीच्या उजेडात राखाडी असतो आणि संध्याकाळी एलईडीखाली हिरवा पडू शकतो. त्यात स्वस्त कागदात पांढरेपणा वाढवायला जे उजाळक घालतात ते दिवसाच्या उजेडातल्या अतिनील किरणांवर निळसर चमकतात आणि घरातल्या बल्बखाली सुस्त पडतात. यावर प्रूफ लेयरचा इलाज नाही. ज्या प्रिंटरांत राखाडी शाईची वेगळी टाकी असते, त्यांना हा त्रास बराच कमी होतो. नवा प्रिंटर घेणाऱ्यानं डीपीआयच्या गप्पा सोडून हे आधी विचारावं. आहे त्या प्रिंटरवर भागवणाऱ्यानं पट्टी दोन उजेडांत बघावी आणि हिरवी पडत असेल तर फोटोलाच हलकीशी उबदार, तपकिरी झाक द्यावी. ती हिरवटपणा पोटात घेते.

आणि प्रिंट कुठे लागणार आहे हे विचारायचं राहून जातं. माझ्या टेबलावर कागद कॅमेऱ्याला १/५० दाखवतो. आत्याच्या माजघरात संध्याकाळी तोच कागद १/१५ दाखवत होता. तिथे तळाच्या छटा आणखी बुडणार. म्हणून दुसऱ्या प्रतीसाठी गुडघ्याजवळच्या छटा अजून थोड्या उचलल्या. टेबलावर ती प्रिंट जरा जास्तच उघडी वाटत होती. प्रिंटच्या मागे पेन्सिलीनं कागद, प्रिंटरचे पर्याय, लेयरचं नाव आणि 'माजघर' असं लिहून संक्रांतीला घेऊन गेलो.

आत्यानं ती माजघरात नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीत नेऊन पाहिली. तिथे दुपारचं ऊन होतं. चौकड्या मोजता येतील इतक्या लख्ख दिसत होत्या आणि माजघरासाठी केलेला सगळा हिशोब त्या उन्हात फुकट गेला होता. तिला त्याचं काही नव्हतं. तिनं पदराच्या काठावर बोट ठेवलं, मग भिंतीवर.

"ही भेग मागच्या वर्षी बुजवली आम्ही. ती काढून टाक."

भेग चुन्यात होती, २३० आणि २४०च्या मधे, मला अभिमान वाटावा इतकी सुरेख उमटलेली.